बोलणं चालू असेपर्यंत

"येतोय का आवाज?" अम्मीने विचारलं.

"तुझा येतोय. अब्बांचा नाही."

जेवणाच्या सुट्टीत तो शीतगृहाच्या मागच्या पायरीवर व्हिडिओ कॉल लावून बसला होता. परदेशात थंडाव्याची यंत्रं दुरुस्त करायला लागून त्याला नऊ वर्षं झाली होती. इथेही मशीद होती, पण बांग तिच्या भिंतींबाहेर येत नसे. गावी, घरामागच्या मशिदीत, अब्बा एकतीस वर्षं बांग देत होते. आज दुपारीच ते दवाखान्यात भरती होणार होते. उद्या स्वरयंत्र काढणार. म्हणजे दुपारची ही बांग शेवटची.

रेकॉर्डिंगला ते तयार नव्हते. काल घोगऱ्या आवाजात म्हणाले होते, "बांग म्हणजे बोलावणं रे. बोलावणं काय डब्यात भरून ठेवतात?"

अम्मीने फोन खिडकीच्या गजाला टेकवला आणि समोर बसली. त्याने आवाज पूर्ण वाढवला. काहीच नाही.

"सुरू झाली बघ," ती म्हणाली, आणि त्या शब्दांमागून एक लांब, चिरकलेला सूर आला. ती थांबली तसा तोही तुटला.

त्याच्या लक्षात आलं. फोन जवळचं बोलणं तेवढं पुढे पाठवत होता. लांबचा आवाज गोंगाट समजून पुसत होता. अम्मी बोलली तरच तिच्यासोबत अब्बा येणार होते.

"अम्मी, बोल काहीतरी!"

"श्श! बांग चालू आहे." बांगेच्या वेळी बोलला म्हणून लहानपणी तिनेच त्याला धपाटे घातले होते.

"तू बोललीस तरच ते ऐकू येतात. ऐक गं माझं."

तिने पदर सारखा केला. "काय बोलू?"

"काहीही."

"नळाला पाणी उशिरा आलं आज." मागे सूर चढला. "तुझ्या बहिणीने पिशवी भरली. चष्माच विसरली, म्हटलं डोकं कुठंय तुझं? कंगवा घेतला. पाटी घेतली. ऑपरेशननंतर लिहून बोलायचं म्हणे. अक्षर बघितलंयस त्यांचं? मुंगी शाईत पडून चालत गेल्यासारखं." ती हसली. हसण्यातूनही सूर येत होता, मध्येच फाटत, पुन्हा सावरत. "आणि मला तरी कुठं वाचता येतं?"

ती गप्प झाली. फोनमधलं सगळंच गप्प झालं.

बांग अजून बाकी होती. तिला पुन्हा बोल म्हणायला त्याची जीभ रेटेना.

अम्मीने खिडकीकडे पाहिलं. बांगेचे शब्द ऐकणाऱ्याने मनातल्या मनात म्हणायचे असतात, तसे तिचे ओठ हलू लागले, आवाज न करता. कुठला शब्द चालू आहे ते त्याला ओठांवरून कळत होतं. शेवटच्या ओळीपर्यंत त्याने बांग वाचली.

मग ओठ थांबले.