सतरा नंबरची पिन

मी पिनांचा तक्ता बोलतोय. पिना म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर टाचण्या आल्या असतील, तर त्या बाजूला ठेवा. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना उबेत ठेवणारी काचपेटी तुम्ही इस्पितळात पाहिली असेल. तिच्या खालच्या कप्प्यात एक हिरवा बोर्ड असतो. त्यावर एक काळी चिप, आणि चिपला चारही बाजूंनी बारीक धातूचे पाय. त्या पायांनाच पिन म्हणतात. कुठल्या पिनेला कुठली तार येते, हे माझ्यात लिहिलेलं असतं. माझा मुक्काम शेजारच्या छोट्या चिपमध्ये, फर्मवेअरच्या, म्हणजे यंत्रात कायम कोरून ठेवलेल्या प्रोग्रामच्या पोटात.

यंत्राचं बटण दाबलं की ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा जागा होतो. त्याला कर्नल म्हणतात. आमच्या कारखान्यातल्या जुळणी करणाऱ्या मामांना बरेच दिवस वाटायचं की हा फौजेतलाच कोणी असणार. तर हा कर्नल फार हुशार, पण जाग आल्यावर आपण कुठल्या बोर्डावर आहोत हेसुद्धा त्याला ठाऊक नसतं. तो मला विचारतो. मी सांगतो, "पिन नऊ, हीटर. पिन बारा, अलार्म. पिन सतरा, पंख्याची खूण. तिथे व्होल्टेज असेल तर पंखा फिरतोय, गेलं तर पंखा थांबला."

कर्नलच्या हाताखाली ड्रायव्हर असतात. गाडी चालवणारे नव्हेत, एकेका कामाचे छोटे प्रोग्राम. ते माझ्याकडून आपापली पिन समजून घेतात आणि तिच्यावर नजर लावून बसतात. माझ्या शब्दावर ते कधी शंका घेत नाहीत. आणि मला डोळे नाहीत. माझ्यात जे लिहिलं, तेच माझ्यासाठी खरं.

मला लिहिलं ताईंनी. कारखान्यात सगळे त्यांना ताईच म्हणत. बोर्डाचं रेखाटन त्यांचं, तक्ताही त्यांचाच. एकेक ओळ लिहून झाली की त्या बोटाने तार धरून पुन्हा वाचायच्या. अशा चाळीस पेट्या निघाल्या आणि इस्पितळांत गेल्या. कुठूनही तक्रार आली नाही.

मग दुसरी खेप आली, सहा पेट्यांची. नव्या बोर्डावर एक मोठा जोडणीचा भाग बसवायचा होता. त्याच्या आड पंख्याची तार येत होती, म्हणून ताईंनी ती सतरावरून तेवीसवर नेली. रेखाटन बदललं. तक्त्याची फाईल उघडली, आणि तेवढ्यात कारखान्याच्या साहेबांनी हाक मारली. "मॅडम, जरा येता का? माणसं येऊन बसलीयेत."

ताई गेल्या. दीड तासाने परतल्या तेव्हा दुसऱ्याच कामात गुरफटल्या. माझी सतरावी ओळ तशीच राहिली.

मामांनी पेटी जोडताना विचारलं होतं, "ताई, पंखा अडवून बघायचा का एकदा? अलार्म वाजतो का ते?"

"पहिल्या खेपेला बघितलंय की, मामा. तोच पंखा, तोच प्रोग्राम."

मामा मान हलवून पुढच्या स्क्रूला लागले.

मी चार नंबरच्या पेटीतून इस्पितळात आलो. नव्या बोर्डावर सतरा नंबरची पिन मोकळी होती. पण मोकळ्या पिनेवरही व्होल्टेज दिसतच राहतं, तशी सोयच केलेली असते. म्हणजे पंखा फिरो की थांबो, सतरावर कायम सगळं ठीक. खरी बातमी तेवीसवर येत होती आणि तिकडे कोणीच बसलेलं नव्हतं.

तीन आठवडे काही बिघडलं नाही, कारण पंखा फिरत होता.

पेटीत एक मुलगी होती. वजन दीड किलोही नाही. आई वरच्या मजल्यावर आजारी, वडील औषधांच्या मागे, म्हणून काचेबाहेर तिची आत्या बसलेली असायची. आत्या अखंड बोलायची. "ए चिमणे, नाक बघ कसं बापावर गेलंय. बदलून मिळत असतं तर बघितलं असतं हो." सिस्टर हसायच्या.

सकाळचे अकरा वाजत आले होते. डॉक्टरांची फेरी पलीकडच्या दालनात चालू होती. आणि माझ्याखालचा पंखा घरघरला, दोनदा अडखळला, थांबला.

उबदार हवा फिरायची थांबली. तापमान मोजणारा सेन्सर दूरच्या कोपऱ्यात. त्याला थंडी वाजू लागली. त्याने हीटरच्या ड्रायव्हरला सांगितलं, आणखी ऊब हवी. हीटर वाढला. बाळाच्या बाजूची हवा तापू लागली. पंख्याच्या ड्रायव्हरने सतराकडे पाहिलं. व्होल्टेज आहे, म्हणजे ठीक. पुन्हा पाहिलं. ठीक. सेकंदाला दहा वेळा तो बघत होता आणि दहाही वेळा मी सांगितलेल्या जागीच बघत होता. पेटीवरचा हिरवा दिवा शांतपणे जळत होता.

आत्या बोलता बोलता गप्प झाली.

"सिस्टर, अहो सिस्टर! ही लाल का दिसतेय?"

सिस्टरनी दिव्याकडे पाहिलं. हिरवा. तापमानाच्या आकड्याकडे पाहिलं. उलट किंचित कमीच. दुसरं कोणी असतं तर म्हणालं असतं, रडून लाल झाली असेल. सिस्टरनी पेटीची छोटी खिडकी उघडून हात आत घातला आणि त्यांचा चेहराच बदलला.

"डॉक्टरांना बोलवा! पळा!"

त्यांनी माझी तार भिंतीतून उपटली. त्यानंतरचं मला त्या वेळी कळलं नाही. नंतर ऐकलं, ते असं: बाळाला दुसऱ्या पेटीत हलवलं, ताप उतरायला दोन तास लागले, आणि ते दोन तास आत्या एक शब्द बोलली नाही.

दुपारी ताई स्वतः आल्या. इस्पितळाच्या दुरुस्तीच्या खोलीत त्यांनी मला पुन्हा सुरू केलं. फोन कानाला, पलीकडे ड्रायव्हर लिहिणारे सहकारी. सगळ्यांना समजावून सांगायची सवय म्हणून त्यांना प्रोफेसर म्हणत.

"ताई, माझा ड्रायव्हर शंभरदा तपासलाय. सतरा वाचतोय, सतरावर व्होल्टेज आहे."

"पंखा माझ्या डोळ्यांसमोर बंद आहे, प्रोफेसर."

ताईंनी मीटरची टोकं हातात घेतली. पंख्याची तार धरली आणि बोटाने तिच्यामागे जात राहिल्या. बोट तेवीसवर थांबलं. मग त्यांनी पडद्यावर माझी सतरावी ओळ वाचली.

"प्रोफेसर," त्यांचा आवाज बारीक झाला होता, "चूक माझी आहे. नव्या बोर्डावर तार तेवीसवर आहे, तक्ता जुना राहिला."

"अहो मग सोपं आहे की! साहेबही इथेच उभे आहेत. ते म्हणतात तक्ता-बिक्ता राहू दे, प्रत्येक पेटी उघडत कोण बसणार? ड्रायव्हरमध्येच तेवीस लिहून टाकतो मी. पाच वाजता सगळ्या पेट्या अपडेट उतरवून घेतात, त्यात आपोआप जाईल."

"बरं," ताई म्हणाल्या. फोन ठेवला. मीटर पिशवीत टाकलं. आणि तशाच ताठ उभ्या राहिल्या.

सगळ्या पेट्या. म्हणजे आधीच्या चाळीससुद्धा. त्यांच्यात पंख्याची तार सतरावरच होती आणि तेवीस मोकळी. ड्रायव्हर तिथल्या तक्त्यांना, माझ्या भावंडांना, विचारणंच सोडणार, सरळ तेवीसवर जाऊन बसणार. आज एका पेटीत जे झालं, ते चाळीस ठिकाणी व्हायची वाट मोकळी.

पावणेपाच वाजले होते.

प्रोफेसरांचा फोन लागेना. साहेबांचा व्यस्त. ताईंनी तिसरा नंबर फिरवला.

"मामा, कुठे आहात?"

"जुळणीच्या टेबलावर. काय झालं?"

"पळत वर जा. प्रोफेसरांना सांगा, अपडेट थांबवा. ऐकलं नाही तर खुर्चीतून उठवा, नेटची वायर काढा, काय वाटेल ते करा. पाचच्या आत!"

मामांना तक्ता आणि ड्रायव्हर यातलं फारसं कळत नव्हतं. ताईंचा आवाज मात्र कळत होता. फोन चालूच राहिला. जिन्यावरची पावलं, धापा, दार ढकलल्याचा आवाज, मग साहेब, "अहो मामा, हे काय!" आणि मग मामा, "साहेब, वायर माझ्या हातात आहे. आता ओरडायचं ते ओरडा."

चार वाजून सत्तावन्न मिनिटं झाली होती.

साहेब फोनवर आले. "मॅडम, काय चाललंय? आता बाकीच्या पाच पेट्यांचं काय? वापरू नका म्हणून कळवलं तर कारखान्याचं नाव जाईल."

"तीन पेट्यांमध्ये या क्षणी बाळं आहेत, साहेब. मी एकेका ठिकाणी फोन करून बाळं हलवायला सांगतेय. कोणी विचारलं तर चूक कोणाची ते माझं नाव घेऊन सांगणार आहे."

साहेब म्हणाले, "यादी पाठवा. दोन ठिकाणचं मी बोलतो."

साडेपाचपर्यंत तिन्ही बाळं सुखरूप हलवली गेली. प्रोफेसरांनी ड्रायव्हर पहिल्यासारखा केला: कुणाची पिन कुठली, हे ज्या त्या बोर्डाच्या तक्त्यालाच विचारायचं.

दुसऱ्या दिवशी ताईंनी मला पुन्हा लिहिलं. पंखा नवा बसवला. तपासणीच्या वेळी सिस्टर आल्या आणि म्हणाल्या, "पंखा मी अडवणार. तुमच्यावर राग आहे माझा, खरं सांगते."

"असायलाच हवा," ताई म्हणाल्या.

सिस्टरनी तळाचं झाकण काढून पात्यात लाकडी पट्टी घातली. एक सेकंद गेला. दुसरा सेकंद. आणि अलार्म असा किंचाळला की बाहेरून दोन माणसं धावत आली. सिस्टरनी पट्टी काढली, पुन्हा घातली, पुन्हा किंचाळला. पाच वेळा केलं त्यांनी. सहाव्यांदा ताईंच्या हातात पट्टी दिली. ताई रडत होत्या.

ती मुलगी एकोणीस दिवसांनी घरी गेली. जाताना आत्याने तिला नव्हे, सिस्टरना आधी मिठी मारली.

मी अजून चार नंबरच्या पेटीतच आहे. आता माझ्या पहिल्या ओळीत बोर्डाची आवृत्ती लिहिलेली असते. ती जुळली नाही तर यंत्र सुरूच होत नाही. सध्या आत एक मुलगा आहे. त्याला माझा पत्ता नाही, आणि नसावाच.

तुमच्यापैकी कोणी उद्या एखादी तार इकडची तिकडे कराल. जरूर करा. पण उठायच्या आधी, कोणी कितीही हाका मारल्या तरी, ते मला सांगून जा. मी ऐकलेलं शब्दशः पुढे सांगतो, आणि पुढचे सगळे ते खरं मानतात.