खिशातली निळी काच

मित्रांनो, मी भट्टीवाल्याची एक जुनी निळी काच आहे. तळहाताएवढी, लाकडी चौकटीत बसवलेली. माझा स्वभाव पहिल्यापासून चुळबुळा; एका जागी पडून राहणे मला जमत नाही. आणि नशीब पाहा, माझे निम्मे आयुष्य खिशात गेले!

वाळू वितळली, तिच्यात निळा रंग मिसळला आणि मी तयार झाले. आग हे माझे माहेरच. म्हणून तिची खोड मला ठाऊक आहे. तिच्याकडे टक लावून पाहणाऱ्याचे डोळे ती सोडत नाही. मी मध्ये उभी राहिले की तिचा भगभगीत उजेड नरमतो.

रायपूरच्या एका दुकानातून मला गंगाधरने विकत घेतले. तो तिथल्याच गुढियारी वस्तीत राहायचा आणि उरला नावाच्या भागातल्या एका लोखंडाच्या कारखान्यात भट्टीवर काम करायचा. लोखंडाचे ठोकळे पुरते तापले की नाही, हे तो त्यांच्या रंगावरून ओळखी. मग ते यंत्रात लाटले जात आणि त्यांच्या लांबलचक सळया होत. "या काचीबिगर मले जमत नाही," असे तो म्हणे, तेव्हा मी काय मिरवायची!

पुढे छत्तीसगड राज्य झाले आणि रायपूर राजधानी. जिकडे तिकडे इमारती उठू लागल्या, सळया पुरेनात. त्या धांदलीत दर वेळी मला डोळ्यांपुढे धरायचा गंगाधरला कंटाळा येऊ लागला. तशातच कामगारांचे डोळे तपासायला एक डॉक्टरीणबाई आल्या. पालेभाज्या, मका, अंडी खा, असे त्यांनी सांगितले. त्यांतली पिवळी द्रव्ये डोळ्याच्या पडद्यात हळूहळू साठतात आणि उजेडाचा थोडा मार झेलतात. भट्टीसमोर काच मात्र हवीच, असेही त्या म्हणाल्या.

गंगाधरने सोयीचे तेवढे ऐकले. त्याची बायको विनोदिनी रोज डब्यात भाजी देऊ लागली. कधी मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या पानांची, कधी लाल माठाची. तो मिटक्या मारत खाई आणि खिशात तंबाखूच्या पुडीशेजारी माझा नुसता जळफळाट होई. वाटे, एकदा उडी मारून त्याच्या डोळ्यांपुढे जावे!

एकदा सदरा धुवायला घेताना मी विनोदिनीच्या हाती लागले.

"अवो, हिच्यावर धूळ बसून राहिली. वापरत नाही का तुमी?"

"रोज भाजी खाऊन राहिलो न? मंग काच कायले?"

"भाजी पोटात जाते, जाळ डोयात जाते. बाईनं दोन्ही सांगतलं होतं."

तो हसला. मी पुन्हा खिशात.

मग ती दुपार आली. यंत्रातून सळया बाहेर पडत होत्या आणि गंगाधर ओरडला, "बंद करो! सळई टेढी आ रही है!"

यंत्र थांबले. जवळच उभा असलेला त्याचा छत्तीसगडी सोबती तुळशीराम म्हणाला, "नहीं भैया, सीधी हे."

"मेरे को सिखाता है?" गंगाधर भडकला.

तुळशीरामने एक दोरी आणली, आणि सळई निवल्यावर दोघांनी दोरी तिच्याशेजारी ताणून धरली. सळई या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरीला चिकटून होती. गंगाधर वाकला. त्याने दोरीवरून नजर फिरवली.

"मले तर दोरीबी वाकडी दिसून राहिली," तो हळूच म्हणाला.

उघड्या डोळ्यांनी जाळ पाहून त्याच्या डाव्या डोळ्याचा पडदा मधोमध पोळला होता, म्हणून सरळ वस्तूही त्याला वाकडी दिसे. तो आता पूर्ववत होणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. उजवा अजून शाबूत होता. त्या दिवशी भाजीवरचा माझा राग गेला. ती बिचारी आपले संथ काम करतच होती. माझे काम तिला कसे जमावे? मला मात्र फार रडू आले.

मित्रांनो, ताटातली भाजी टाकू नका, आणि डोळ्यांपुढची काच खिशात ठेवू नका. एक आहे म्हणून दुसरीला रजा देऊ नका.

आता डॉक्टरांच्या सांगण्यावरून रोज सकाळी गंगाधर खिडकीसमोर उभा राहतो आणि एकेक डोळा झाकून तिचे गज पाहतो. ते गज त्याच्याच कारखान्यातले आहेत. विनोदिनी रिकामा डबा घेऊन थांबते. माझा जीव खालीवर होत असतो.

"डाव्यानं?"

"वाकडेच."

"आन् उजव्यानं?"

तो पाहतो, पुन्हा पाहतो. "सरळ," म्हणतो.

मग ती डब्यात भाजी भरते, मला पदराने पुसते आणि दोरीने त्याच्या गळ्यात घालते.