निशाणाची अर्धी शपथ

“काय हो भाऊजी, आज तरी त्याचं नरडं धरणार, की आजही नुसता दांडाच धरून उभे राहणार?”

आरिसुतनं हे भर दारात विचारलं. छावणीच्या दक्षिण दाराबाहेर तिची टोपली असायची, जवाच्या भाकऱ्यांची आणि सुक्या अंजिरांची. तुकडी रस्त्याच्या कामाला निघाली होती. सगळ्यांच्या पुढे निशाण घेतलेला नांफामो, त्याच्या डोक्यावर अस्वलाचं कातडं, आणि मागे कान टवकारलेले सगळे शिपाई.

“आरिसुत, हळू बोल,” नांफामो ओठ न हलवता म्हणाला.

“का म्हणून? तुमच्या रोमच्या कायद्यात शिपायाला बायको नसते ना? मग मी इद्दिबालची बायको नाही. बायको नाही, म्हणजे विधवाही नाही. राहिले कोण? भाकऱ्या विकणारी! आणि विकणारी बाई ओरडूनच बोलते!”

मागे कुणीतरी फिसकन हसलं. शतनायक कास्त्रिकियसनं घोड्यावरून मान वळवली आणि ते हसू जागच्या जागी मेलं. त्याच्या तुकडीत हसणं फार महाग पडायचं.

इद्दिबाल हसला म्हणूनच तर मेला होता. नांफामोचा धाकटा भाऊ, सख्खा. गेल्या उन्हाळ्यात कास्त्रिकियस ओट्यावर चढून शिस्तीवर भाषण ठोकत होता आणि ठोकता ठोकता पाय सटकून बुडावर बसला. सगळ्यांनी गाल आतून चावून धरले. इद्दिबालला ते जमलं नाही. त्याला लहानपणापासून जमायचं नाही. त्यांच्या आजोबांच्या मयतालाही तो हसला होता, कारण पुरोहिताच्या दाढीत मधमाशी शिरली होती.

शिक्षा जुनीच, सगळ्यांना माहीत असलेली. कमरेचा पट्टा काढायचा, बाईसारखा ढगळ अंगरखा लोंबत ठेवायचा, तळहातावर मातीचं ढेकूळ घ्यायचं आणि चौकात उभं राहायचं. सावली नाही. पाणी नाही. समोर तुकडीचं निशाण रोवलेलं, आणि निशाणाशेजारी निशाणधारी. म्हणजे नांफामो.

“दादा,” सकाळी इद्दिबाल पुटपुटला होता, “ढेकळाचं काही नाही रे, पण नाक फार खाजतंय.”

दुपारी तो कोसळला. नांफामोच्या पाण्याच्या बुधल्यात अर्धं पाणी होतं, पण निशाणधारी निशाण सोडून हलत नाही. त्याला फक्त शिंग हलवतं. शिंग वाजलं की निशाण हलतं, निशाण हललं की माणसं हलतात, आणि शिंग वाजतं ते नायकाच्या हुकमानं. नांफामोनं शिंगवाल्या रोगातसकडे पाहिलं होतं. रोगातसनं कास्त्रिकियसकडे. कास्त्रिकियस ऑलिव्ह खात होता. त्यानं बी थुंकली आणि दुसरं ऑलिव्ह उचललं.

संध्याकाळी शिंग वाजलं तेव्हा इद्दिबालचं तोंड मुंग्यांनी भरलेलं होतं.

तेव्हापासून नांफामो सूड जेवत होता, सूड पीत होता, सूड उशाला घेऊन झोपत होता. पण करणार काय? शतनायकाच्या केसाला धक्का लावला तर मरण, ते त्याला चाललं असतं. पण निशाणधाऱ्यानं शपथ मोडली तर अख्ख्या तुकडीवर शाप. त्यात त्याची जिवाभावाची माणसं होती. म्हणून तो रोज निशाणाच्या दांड्याला तेल चोळायचा, त्यावरच्या चांदीच्या चकत्या घासायचा, टोकावरचा उघडा धातूचा तळहात लख्ख करायचा आणि चकतीत दिसणाऱ्या स्वतःच्या चेहऱ्याला म्हणायचा, थांब, अजून थांब.

कामाची जागा म्हणजे डोंगराखालचा उघडा माळ. नांफामोनं निशाण रोवलं, रोगातस शिंग खांद्यावर घेऊन शेजारी बसला, बाकीचे चर खणायला लागले. पाण्याच्या पखाली घेऊन खेचर आलं, तेव्हा फावडी आपोआप थांबली.

“मी थांबा म्हटलं?” कास्त्रिकियस म्हणाला. “त्या पांढऱ्या खडकापर्यंत चर न्या. मग पाणी.”

“नायकसाहेब, घोटभर तरी,” मास्सुरियस म्हणाला. तुकडीतला सगळ्यात म्हातारा शिपाई, पुढच्या वर्षी सुटायचा होता. “जीभ टाळ्याला चिकटलीय. घोटभर प्यालो तर दुप्पट खणेन, देवाशपथ.”

“जीभ चिकटलीय? बोलतोयस तर बरा!” कास्त्रिकियस घोड्यावरून उतरला आणि द्राक्षवेलीच्या काठीनं त्यानं मास्सुरियसचा पट्टा उचकला. “काढ हा. घे ढेकूळ. उभा राहा तिथं.”

म्हातारा पट्टा सोडायला लागला. त्याच्या बोटांना बकल निघता निघेना. त्या बोटांकडे सगळे पाहत राहिले, आणि प्रत्येकाला तिथं म्हातारा दिसतच नव्हता, इद्दिबाल दिसत होता.

पहिलं फावडं कुणी फेकलं ते कुणालाच कळलं नाही. ते कास्त्रिकियसच्या कानाजवळून गेलं. मग दगड. मग सगळेच धावले. घोडा बिथरून माळावर उधळला, काठी पायाखाली मोडली, आणि कास्त्रिकियसनं आयुष्यात पहिल्यांदा आपल्या तुकडीच्या पुढे धाव घेतली. सरळ निशाणाकडे! दोन्ही हातांनी त्यानं दांड्याला मिठी मारली.

“मी निशाण धरलंय! मी शरण आहे! हात लावाल तर शाप लागेल!”

जमाव थबकला. धापा ऐकू येत होत्या. बाजूला, हातभर अंतरावर, नांफामो.

“नांफामो! शपथ आठव तुझी!”

“आठवते, नायकसाहेब,” नांफामो म्हणाला. “पाठ आहे.”

गुलाबाच्या सणाला, निशाणांना हार घालतात त्या दिवशी, ती शपथ दरवर्षी म्हटली जाते. *रोवलेल्या निशाणाला जो धरील तो आमचा शरणागत, त्याला कुणी हात लावणार नाही.* एवढं झालं की अधिकारी माना डोलावतात आणि घाईघाईनं मेजवानीला जातात, कारण दारूचे बुधले तोवर फोडलेले असतात. उन्हात उरतात फक्त निशाणधारी आणि शिपाई. शपथेचा उरलेला अर्धा भाग ते म्हणतात: *उचललेल्या निशाणाला निशाणधाऱ्याखेरीज जो हात घालील तो आमचा शत्रू.* कारण उचललेलं निशाण म्हणजे लढाई, आणि लढाईत त्याला हात घालतो तो ते पळवायलाच.

कास्त्रिकियसला दारू फार आवडायची.

“नांफ्या, उपट ना ते!” कुणीतरी ओरडलं. “तूच उपटू शकतोस. दोन पावलं सरक, बाकीचं आमच्यावर सोड!”

“शिंग वाजलेलं नाही.”

“अरे भाऊ मेला तेव्हाही हेच! आताही हेच! माणूस आहेस की खुंटा?”

रोगातस उठून जवळ आला. त्याचे डोळे भरले होते. “मी वाजवतो,” तो हळूच म्हणाला. “तेव्हा वाजवायला हवं होतं रे. आता वाजवतो, मग माझं काय व्हायचं ते होवो.”

“हुकमाशिवाय नाही,” नांफामो म्हणाला.

“हुकूम देणार कोण आता? हा?”

“हा.”

रोगातसनं त्याच्याकडे पाहिलं, दांड्याला चिकटलेल्या माणसाकडे पाहिलं, आणि परत जाऊन बसला.

मग दुपार झाली. माळावर दुपार येते ती भट्टीचं झाकण उघडल्यासारखी. शिपायांनी खेचराभोवती बसून पखाली सोडल्या. आंबूस पाणी घटाघटा, मुद्दाम आवाज करत प्यायले. मास्सुरियसला सगळ्यात आधी पाजलं, त्याच्या डोक्यावर ओतलं. कुणी पाणी हवेत उडवून तोंडात झेललं.

“नायकसाहेब, खडकापर्यंत चर पोचला का हो?” एकानं विचारलं.

“जीभ चिकटली की सांगा हं!” दुसरा म्हणाला.

कास्त्रिकियसनं एक हात सोडून कपाळ पुसलं, तसे चार जण उठून उभे राहिले. त्यानं हात पुन्हा दांड्याला लावला. ते खाली बसले.

“पाणी दे,” तो नांफामोला म्हणाला.

“निशाण आसरा देतं. पाण्याचं शपथेत काही नाही.” नांफामोनं बुधला उघडला आणि स्वतः प्यायला. वर्षभरात पाणी इतकं गोड कधी लागलं नव्हतं. उरलेलं पाणी त्यानं दोघांच्या मधल्या मातीत ओतलं. मातीनं ते एका दमात शोषून घेतलं.

“माझ्या भावाला तुम्ही असंच उभं केलं होतं,” तो म्हणाला. “इद्दिबालला.”

कास्त्रिकियसनं डोळे मिचकावले. तो खरंच आठवत होता. सगळं कपाळ आकसून आठवत होता.

“कोण इद्दिबाल?”

नांफामोला वाटलं होतं की हा माफी मागेल, किंवा शिव्या देईल, किंवा खोटं बोलेल. या सगळ्याला त्याच्याकडे उत्तरं होती. रात्र रात्र जागून घोटलेली, धारदार. 

“हसला होता तो,” तो म्हणाला.

“असे खूप होते रे,” कास्त्रिकियस दमून म्हणाला. त्यात मस्ती नव्हती. हिशेब लागत नसलेल्या माणसाचा तो आवाज होता. “खूप होते. कुठला म्हणून लक्षात ठेवू?”

तोवर नांफामोच्या मनात कुठेतरी एक बारीक शंका होती, की करावं की करू नये. ती त्या क्षणी संपली.

सूर्य डोंगराकडे कलला तेव्हा कास्त्रिकियसचे ओठ फुटले होते. दांड्यावर गाल टेकून तो उभा होता, आईच्या खांद्यावर मान टाकलेल्या पोरासारखा.

“दिवस बुडायच्या आत निशाण छावणीत जायला हवं,” नांफामो समोर बघत म्हणाला. “बाहेर राहू शकत नाही. पण शिंग तुमच्या हुकमानं वाजतं, नायकसाहेब. माझ्या नाही.”

कास्त्रिकियसनं मान उचलली. छावणी. निशाणांचं देवघर. सेनापतीचे पहारेकरी. सावली. पाणी! निशाणाला धरून चालत गेलं की झालं, कोण अडवणार? त्याच्या चेहऱ्यावर ते सगळं एकामागून एक उमटत गेलं.

“वाजव,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

“कोण म्हणतंय?” रोगातसनं ओरडून विचारलं. सगळा माळ उठून उभा राहिला.

“मी म्हणतो! शतनायक कास्त्रिकियस! शिंग वाजव, परत फिरायचंय!”

रोगातसनं शिंग ओठांना लावलं. त्याच्या शिंगाचा इतका खणखणीत आवाज कुणी कधी ऐकला नव्हता. डोंगरानं तो परत दिला.

नांफामोनं वाकून मूठ धरली, खांद्याचा झटका दिला, आणि निशाण जमिनीतून सुटलं. कास्त्रिकियस त्याच्याबरोबर हेलपाटला, पण हात सोडले नाहीत.

“हात काढा, नायकसाहेब,” नांफामो मोठ्यानं म्हणाला. सगळ्यांना ऐकू जाईल असं. “निशाण उचललेलं आहे.”

“मी शरण... मी धरलंय...”

“उचललेलं आहे,” मास्सुरियस म्हणाला. मग आणखी कुणीतरी म्हणालं. मग सगळेच, ठेक्यात, शपथेच्या चालीवर तो उरलेला अर्धा भाग म्हणू लागले. कास्त्रिकियस एकेका तोंडाकडे बघत होता. हे शब्द त्यानं आयुष्यात कधी ऐकले नव्हते.

त्याला कळलं, पण बोटं सुटेनात. ती शिपायांनी सोडवली.

निशाणधारी मागे बघत नाही. नांफामो चालू लागला. पाठीमागे एक किंकाळी झाली, मग फावड्यांचे आवाज, ओली माती थापटावी तसे. तो चालत राहिला. सुखावलेला होता तो, खोटं कशाला? छातीतला वर्षाचा दगड फुटून वाळू झाला होता. त्याला वाटलं, इद्दिबाल आता कुठूनतरी हसेल.

ओढा ओलांडल्यावर त्याच्या लक्षात आलं की मागे पावलं वाजत नाहीयेत.

इतक्या वर्षांत त्यानं हे कधी ऐकलं नव्हतं. निशाण हललं की माणसं हलतात. चिखलात, बर्फात, बाणांच्या वर्षावात ती हलली होती. पाठीवर तो आवाज असायचा, लोखंडी खिळ्यांच्या चपलांचा. त्यानं चाल मंद केली. कुणीच आलं नाही. शतनायकाला मारलेली माणसं छावणीत कशाला परत येतील? रोगातसही आला नाही. मास्सुरियसही नाही.

दक्षिण दारापाशी आरिसुत टोपली आवरत होती. लांबून निशाण दिसलं तशी ती धावत सुटली. त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिला विचारावं लागलं नाही. तिनं दोन्ही हात तोंडावर दाबले. मग तिची नजर त्याच्या खांद्यावरून मागे गेली, रस्त्याच्या पार टोकापर्यंत.

“भाऊजी,” ती म्हणाली. आवाज एकदम लहान झाला होता. “माणसं कुठायत?”

नांफामो तिला ओलांडून आत गेला. निशाण आत आलं की मागोमाग तुकडी येते आणि मग दार लागतं, असा नेम. पहारेकऱ्यानं दाराची जड फळी छातीशी धरली होती. तो ती तशीच धरून रिकाम्या रस्त्याकडे बघत उभा राहिला.