उत्तरेच्या भिंतीचा नेचा

मला फूल येत नाही, फळ धरत नाही. शेळीसुद्धा मला हुंगते आणि पुढं जाते. आणि तरी, मित्रांनो, राहात्याजवळच्या एका मळ्यात माझ्यापायी आठ दिवस वाद चालला होता! मी एक जुना नेचा आहे. माझ्या जातीला हकीम लोक हंसराज म्हणतात. काळे चकचकीत देठ आणि त्यांवर अर्ध्या चंद्रासारखी पानं. स्वतःचं कौतुक स्वतः करू नये, पण खोटं तरी कशाला बोलू?

माझा जन्म विहिरीतला. दोन दगडांच्या सांदीत वाऱ्यानं आमच्या जातीची, बियांच्या जागी असते ती तपकिरी भुकटी आणून टाकली, तिथंच मी रुजलो. वर मोट करकरायची, तिचं पाणी सांडायचं, आणि चार शिंतोडे मला मिळायचे. ऊन मी नुसतं ऐकून होतो. मळ्याचे मालक फक्रुद्दीन यांची मुलगी खातून पाणी शेंदायला आली की काठावरून वाकून आधी मला बघायची. रखरखत्या दिवसांतही मी हिरवा कसा, याचं तिला भारी नवल वाटे.

सत्तेचाळीसच्या फाल्गुनात विहिरीचे दगड सुटू लागले. मोट हाकणारा सहादेव दोर धरून खाली उतरला आणि सांदींतलं सगळं गवत उपटून वर फेकत सुटला. त्यात मीही गेलो. खातूननं मला ढिगातून उचललं, ओढणीत गुंडाळलं आणि आता याला मीच जगवणार, असं सगळ्यांना ऐकवलं.

जगवायचं कसं, ते सहादेवनं सांगितलं. "ऊन खाल्ल्याबिगर काय वाढतंय व्हय, पोरी? पाटीभर शेणखत घाल आन् दे अंगणात लावून."

शेतकऱ्याचीच मुलगी ती! मिरचीचं रोप लावतात तसं तिनं मला भर उन्हात लावलं, गळ्यापर्यंत खत घातलं. मित्रांनो, इतक्या मायेनं मला कोणी कधी भाजलं नव्हतं. चार दिवसांत माझं पान न् पान करपलं.

खातून दोन दिवस धड जेवली नाही. मग तिनं विचार केला, हा विहिरीत कशावर जगत होता? सावलीवर, ओलीवर आणि दगडावर. तिनं मला घरामागं उत्तरेच्या भिंतीशी नेलं. तिथं दिवसभर ऊन फिरकत नसे. विटांचे तुकडे, कोळसा, कुजका पाला असं भुसभुशीत अंथरूण करून मला त्यात निजवलं. पण मी दिसत होतो वाळक्या काड्यांची जुडी.

अडचण अशी की त्या सावलीवर फक्रुद्दीन यांचाही डोळा होता. नवी शेळी आणली होती, तिची खुंटी तिथंच ठोकायची होती. पोरीचा चेहरा बघून त्यांनी पुढच्या जुम्म्यापर्यंत, म्हणजे शुक्रवारपर्यंत, मुदत दिली. तोवर हिरवं दिसलं तर ठीक, नाहीतर जागा शेळीची. फक्रुद्दीन यांची थोरली बहीण, बिबीजान फुफी, तर उघड हसली. म्हणाली, "ना फूल, ना फळ. जुम्म्याला चुलीत घालू, तेवढा चहा तरी होईल."

त्याच दुपारी एक गंमत झाली. रोज पुढच्या ओट्यावर वजू करणारी फुफी तोटीचा लोटा आणि पाट घेऊन मागं आली. इकडंतिकडं बघितलं आणि माझ्या शेजारीच बसली. नमाजाआधी हात, तोंड, पाय धुतले, तर सगळं पाणी ओघळत माझ्या मुळाशी! मग रोज पाच वेळा तसंच. मला पुटपुटत बजावायची, "पी मेल्या. पोरगी जेवत नाही तुझ्यापायी."

जुम्म्याच्या सकाळी फक्रुद्दीन खुंटी आणि हातोडा घेऊन आले. मागं शेळी, तिच्यामागं सहादेव. खातून गुडघ्यांवर बसली आणि बोटानं माती हळूच बाजूला केली. काड्यांच्या बुडाशी तान्ह्या बाळाच्या मुठीसारखा एक कोंब गुंडाळून बसला होता. मीच तो!

फक्रुद्दीननी वाकून पाहिलं. "एवढ्याशा बोटाला बाग म्हणायचं व्हय गं?" म्हणत त्यांनी खुंटी टेकवली. खातूनचे डोळे भरले.

तेवढ्यात फुफी पाट घेऊन आली. "फक्रू, खुंटी दुसरीकडं ठोक. हितं मी वजू करते."

"कधीपास्नं, आपा?"

"आठ दिस झाले. आता वजूच्या जागी शेळीच्या लेंड्या करणार का तू?"

फक्रुद्दीन आधी बहिणीकडं, मग भिजल्या मातीकडं बघत राहिले आणि खो खो हसत सुटले. सहादेव खुंटी उचलून चिंचेखाली गेला. त्या दिवशी खातून तीन भाकरी जेवली.

मित्रांनो, माझ्या पानाचं टोक मातीला टेकलं की तिथं मूळ धरतं, नवा नेचा उभा राहतो. म्हणजे मी चालतो! दोन वर्षांत चालत चालत मी सगळी भिंत हिरवी केली. शाळेतल्या मुली खातूनकडून माझी मुळं मागून नेतात. ती प्रत्येकीला एकच अट घालते, ऊन दाखवायचं नाही.

माझंही एक मागणं आहे. वाळलेलं दिसलं म्हणून कोणाला उपटू नका. आधी बोटानं माती उकरून बघा. आणि ती ओली लागली, तर जरा आजूबाजूलाही बघा. तुमच्याही घरी कोणीतरी गुपचूप पाट सरकवून बसलेलं असेल.