मी मोजलेली वाट

मित्रांनो, मी एक जुना मीटर आहे. प्रांजलताईंच्या पांढऱ्या स्कूटीवर माझं घर. वेग दाखवणारा लाल काटा हा माझा थोरला भाऊ. सगळे त्याच्याकडेच बघतात. मी त्याच्या पायाशी, काळ्या खिडकीतल्या पाच आकड्यांत राहतो. गाडी चालली की एकेक किलोमीटर मोजतो. विसरणं मला येत नाही.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्यावर पाच शून्यं होती. हार घालून, नारळ फोडून ताईंनी आम्हाला कवठे येमाईला आणलं आणि दुसऱ्याच दिवशी पहाटे पाचला आमची वाट सुरू झाली. रांजणगावच्या एका कंपनीत त्या मोटारींच्या वायरी जोडायच्या. जायला बत्तीस किलोमीटर, यायला बत्तीस. थंडीत त्यांची बोटं हँडलवर आखडायची. उसाच्या ट्रॉलीमागे आम्ही धूर खात रांगायचो, आणि खरं सांगायचं तर मागच्याला आम्हीही धूरच देत होतो.

राजनंदिनी झाली, सहा महिन्यांची झाली, तशा ताई पुन्हा कामाला जाऊ लागल्या. निघताना लेक झोपलेली असायची. परतताना माझा भाऊ साठीच्या पुढे धावायचा, कारण घरी दुधासाठी रडं सुरू झालेलं असायचं. मला वाटायचं, मी मोजणं थांबवलं तर ही वाट थोडी तरी कमी होईल का?

एकदा गेणबा मिस्त्रींनी माझी वायर हातात धरली. "ताई, काढून ठिवू का? रिडिंग कमी दिसलं की गाडी इकताना बरं पडतंय. समदेच काढत्यात."

"नको मामा," ताई म्हणाल्या. "मी किती फिरले ते कुणाला तरी ठावं असू द्या."

इतकं मोठं कौतुक माझं पुन्हा कुणी केलं नाही.

मग सर्व्हे आला. पुढच्या वीस वर्षांत या भागात कुठे रस्ते, कुठे घरं, याचा आराखडा ठरत होता. कंपन्यांशेजारच्या मोकळ्या सरकारी जागेवर कामगारांना परवडतील अशी लहान घरं बांधायची की ट्रकतळ करायचा, एवढाच प्रश्न होता. कामगारांनी फक्त लिहायचं होतं, कुठून येता. आणि इथेच सगळे चुकले. कंपनीला कामगार पुरवणाऱ्या ठेकेदाराला जवळ राहणारी माणसं हवी असत, म्हणून कामाला लागतानाच जो तो रांजणगावातल्या पाहुण्याचा पत्ता देऊन बसलेला. सर्व्हेतही भीतीने तोच लिहिला. ताईंनीही आपल्या मामांच्या, म्हणजे तात्याबांच्या खोलीचा लिहिला.

रांजणगावच्या मंगल कार्यालयात बैठक भरली. मी दारातच उभा होतो, आतलं सगळं ऐकू येत होतं. आराखड्याचं काम करणाऱ्या ज्ञानेश्वरी मॅडम वाचत होत्या, "जवळजवळ सगळे कामगार तीन किलोमीटरच्या आत राहतात. म्हणजे घरांची गरज दिसत नाही."

खरं बोलावं तर काम जाणार, गप्प बसावं तर घर.

तेवढ्यात गावातले म्हातारे हौसराव आबा हसले. "मॅडम, त्या तात्याबाच्या खोलीत तुमच्या कागदावर एकोणीस जणी ऱ्हात्यात. म्या बघितलीय ती खोली. तात्याबाच वाकून शिरतोय तिच्यात."

हशा ओसरायच्या आत प्रांजलताई उभ्या राहिल्या. "त्यातली एक मी हाय मॅडम. खोटं लिवलं. रोज कवठे येमाईहून येते."

"काही पुरावा आहे का, ताई?"

"भाईर उभा हाय."

सगळी बैठक बाहेर आली. मॅडमनी वाकून ओढणीने माझी काच पुसली. "अठ्ठावन्न हजार एकशे बारा. गाडी कधीची?"

"साडेतीन वर्साची. लेकीच्या बाळंतपणात सा म्हैने उभीच व्हती."

मॅडमनी मोबाइलवर आकडेमोड केली. "ताई, पृथ्वीला जवळजवळ दीड फेरी मारलीत तुम्ही. आणि या एवढ्याशा गाडीने तीन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत सोडलाय."

"आन् पोचली कुठं?" आबा म्हणाले. "रांजणगावलाच."

मागून भांडगावची करिश्मा पुढे आली. "माझं बी लिवा. पण माझी वायर मिस्त्रीनं काढलीय."

"मग तुझ्या मीटरपरमानं भांडगाव कंपनीला लागूनच की गं," कुणीतरी टोमणा मारला.

सांज होईतो दोनशेवर मीटर वाचून झाले. ज्यांच्या वायरी काढलेल्या होत्या, त्यांनी तोंडाने गावं सांगितली. ठेकेदार कोपऱ्यातून बघत होता. एकीला काढता आलं असतं. दोनशे जणांना काढून पाळी कुणी चालवायची?

ट्रकतळ दुसरीकडे गेला. दीड वर्षात घरं उभी राहिली. दोन खोल्या, पुढे वीतभर ओटा. आता ताई चालत कामाला जातात, आठ मिनिटांत. पाळी सुटली की चहा थंड व्हायच्या आत लेकीपाशी. करिश्मा समोरच्याच ओळीत राहते. आमच्या स्कूट्या शेजारी शेजारी धूळ खातात आणि आम्हाला त्याचं जराही वाईट वाटत नाही. रविवारी तेवढं सासूबाईंना भेटायला कवठ्याला जातो.

राजनंदिनी आकडे शिकतेय, तेही माझ्यावर. रोज बोटाने काच पुसते आणि वाचते.

"आई, कालचंच हाय गं."

"असू दे," ताई म्हणतात. "तेच छान हाय."

मित्रांनो, मीटर थांबला की लोकांना वाटतं बिघडला. मी जिंकून थांबलोय. तुमच्या दारातल्या गाडीचा मीटरही अधूनमधून पुसा, त्याची वायर काढू देऊ नका. आणि आईबाबा कामासाठी रोज किती लांब जातात असं कुणी विचारलं, तर खरा आकडा सांगा. न जाणो, त्या आकड्याच्या जागी उद्या घर उभं राहील.