कोंड्याची ऊब

"ग्रॅमभाऊ, ती वाटी खाली ठेवा आधी," दवाखान्यातल्या आहारवाल्या बाई म्हणाल्या. "आईंचं वजन आठ दिवसांत दीड किलो उतरलंय. आणि तुमच्या कागदावर रोज आठशे कॅलरी!"

"बरोबर आहेत त्या. मी स्वतः मोजल्यात."

मोजल्या होत्या खऱ्या. कोळसा तपासायच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं त्यानं हेच केलं होतं. एक ग्रॅम पूड पोलादी भांड्यात बंद करायची, आत प्राणवायू, भोवती पाणी; ठिणगी पडली की पाणी किती तापलं, त्यावरून कॅलरी काढायच्या. त्याचा आकडा कुणी खोडला नव्हता. आईचं अन्न तुटलं, तेव्हा तिच्या पिठाकोंड्याच्या पेजेचाही एक ग्रॅम त्यानं वाळवून जाळला. मग रोज दवाखान्यात खाटेपाशी काटा मांडून वाटी तोलायची, आधी आणि नंतर; त्यावरूनच तिथं त्याला ग्रॅमभाऊ म्हणू लागले होते. आठशे भरल्या नाहीत तर नाकातून नळी घालणार होते.

"अहो, निम्मा कोंडाच आहे यात. तो तुमच्या भांड्यात जळतो, पोटात कुठला जळायला? गेला तसा बाहेर!" बाईंचा आवाज उतरला. "उद्या सकाळी नळी घालावी लागेल."

देवानं पोटात ठेवलेला जाळ तो केवढा, दिव्याएवढा. त्याला तेलच लागतं. ओंडका घातला तर विझायचा. एवढं साधं त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

"काय म्हणाली रे ती?" बाई गेल्यावर आईनं विचारलं.

"उद्या नळी. माझं चुकलं, आई. कोंडा हिशेबात धरला मी."

"कोंडा? तो तर आपण गाईला घालायचो!" आई खुदकन हसली, हसता हसता दमली. "तू जेवलास?"

एके काळी हीच आई स्वयंपाकघरातून हाका मारमारून घर डोक्यावर घ्यायची, "ताट निवतंय रे!" आणि हा वहीतून मान वर न काढता, "आलो, पाचच मिनिटं." त्या एका हाकेसाठी आज जीव तुटत होता.

त्यानं आपला डबा उघडला आणि तिच्यासमोर बसून जेवला. ती टक लावून बघत राहिली. मग आपणहून पेलाभर दूध मागितलं, चार घोट प्यायली, पाचव्याला मान हलवली.

"पुरे. नळी टळत नाही एवढ्यानं, ठाऊक आहे मला. पण ती माणसं येण्याआधी माझे केस विंचर. नाकात काही का घालेनात, डोकं नीटनेटकं दिसू दे."

त्यानं फणी घेतली. केस उरले होते मूठभर. ग्रॅमचा हजारावा भाग तोलणाऱ्या हातानं त्यानं भांग पाडला.

आईनं बोट फिरवून पाहिलं. "भांग वाकडा गेलाय. पुन्हा काढ."

त्यानं भांग मोडला, आणि कपाळापासून पुन्हा सुरुवात केली.