डोळे मिटून चाखलेले मॅकरॉन

आई गेल्यावर महिन्याभरात बाबांनी सांगून टाकलं, दुकानातले मॅकरॉन बंद. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या आमच्या बेकरीत खारी, टोस्ट, नानकटाई बाबांची. बदामाच्या पिठाच्या दोन गोल, हलक्या कवचांमध्ये सारण भरलेले हे फ्रेंच मॅकरॉन एकट्या आईचे. तिनं ते फोनवर व्हिडिओ बघून शिकले होते. खरा फ्रेंच मॅकरॉन तिनं कधी चाखलेला नव्हता. त्यात चातुर्मासात गिऱ्हाइकांना अंडं चालत नाही, म्हणून ती अंड्याच्या पांढऱ्याऐवजी हरभरे शिजवलेलं पाणी आटवून, फेटून त्याचा फेस वापरायची. अस्सल काय ते माहीत नसताना असलं विकायचं कशाला, असं बाबांचं म्हणणं. ती असतानाही ते हेच म्हणायचे, आणि ती हसून ओव्हन लावायची. तिच्या हाताखाली शिकलेली रुखसार पुढे करायला तयार होती. बाबाच अडून बसले होते.

ऑफिसच्या कामासाठी मला पॅरिसला जायचं होतं. बाबांना सोबत नेलं. फ्रीझरमध्ये आईच्या हातचे लिंबाचे शेवटचे मॅकरॉन होते, तेही डब्यात घेतले. तिथल्या अस्सल मॅकरॉनशी ताडून बघायला, असं मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, करायचं तर नीट करू.

नीट म्हणजे त्यांच्या पद्धतीनं. तीन नामांकित दुकानं, आणि तिन्हीकडून फक्त लिंबाचाच. एका दुकानातल्या बाईंनी कौतुकानं गुलाबाचा पुढे केला. बाबांनी त्यांना हात जोडले आणि पुन्हा पिवळ्याकडे बोट दाखवलं.

हॉटेलच्या खोलीत ते पलंगावर डोळे मिटून बसले. मी त्यांच्या तळहातावर एकेक मॅकरॉन ठेवायचा, कुठला ते सांगायचं नाही, मध्ये कोमट पाणी द्यायचं. बेकरीत नवा मैदा आला की ते नानकटाई अशीच तपासतात. व्यापाऱ्याच्या नावाची भीड पडत नाही म्हणतात.

पहिला खाऊन ते म्हणाले, नुसती साखर. दुसरा त्यांनी सावकाश खाल्ला. तिसऱ्याचा आधी वास घेतला, मग अर्धा, मग उरलेला. चौथ्याचा घास घेऊन बाकीचा परत दिला.

"दुसरा एक नंबर," ते म्हणाले. "तिसरा दोन नंबर. थोडक्यात हुकलाय. बाकीचे दोन नावावर चाललेत."

"तिसरा आईचा," मी म्हणाले.

त्यांनी डोळे उघडले नाहीत. मी पाण्याचा पेला त्यांच्या हातात दिला, तो तसाच धरून बसले.

डोळे उघडे असते तर त्यांनी तिला पहिला नंबर दिला असता, आणि मला तो कधीच खरा वाटला नसता. हा दुसरा खरा होता. नाशिकच्या एका बाईनं, मूळ चव ठाऊक नसताना, हरभऱ्याच्या पाण्यावर पॅरिसची दोन दुकानं मागे टाकली होती. हे मी कुणालाही, कुठेही सांगू शकत होते.

बाबांनी तिथूनच रुखसारला फोन लावला. मॅकरॉन चालू ठेवायचे, एवढंच म्हणाले. पलीकडून तिनं काही विचारलं.

"नाही गं, पहिला नाही आला. आपलं लिंबू भारी आहे, पण वरचं कवच जाड पडतंय. आलो की बघू. तू मला फेटायला शिकव आधी."

फोन ठेवून त्यांनी पहिल्या नंबराच्या दुकानाचा खोका ओढला, त्यातला आणखी एक मॅकरॉन खिडकीशी नेला आणि त्याची कड न्याहाळत उभे राहिले.